प्रवेशिकेपासून भिंतीपर्यंत : प्रादेशिक कलाप्रदर्शनातील निवड

परीक्षक मंडळाच्या निवडीतून उभे राहणारे कलाप्रदर्शन ही व्यवस्था भारतात सव्वाशे वर्षांहून अधिक जुनी असून, आजही अनेक तरुण चित्रकार-शिल्पकारांचा कलाजगताशी पहिला औपचारिक संबंध तिच्यामार्फतच येतो. कलावंत प्रवेशिका भरतो, शुल्क जमा करतो, चित्र चौकटीत बसवून ठरलेल्या तारखेच्या आत पाठवतो आणि काही आठवड्यांनी त्याला एका ओळीचा निरोप मिळतो : चित्र निवडले गेले, किंवा परत घेऊन जावे. या दोन टोकांच्या मध्ये बंद दाराआड काय घडते, कोणत्या निकषांवर घडते आणि ते तसेच का घडते, याविषयी बाहेर फारच थोडे बोलले जाते. चित्रकारांची चरित्रे, शैलींचे इतिहास आणि प्रदर्शनांची परीक्षणे मराठीत लिहिली गेली आहेत. निवड ही स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे असे मानून तिच्याकडे पाहण्याची सवय अजून रुजायची आहे. प्रस्तुत ग्रंथ हा त्या दिशेने केलेला प्रयत्न असून, तो मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर या मराठीभाषक पट्ट्यातून या सगळ्या क्षेत्राकडे पाहतो.

विषयाशी अपरिचित वाचकासाठी काही संज्ञा आरंभीच स्पष्ट केलेल्या बऱ्या. प्रवेशिका म्हणजे कलावंताने भरून द्यावयाचा अर्ज. त्यात कलाकृतीचे शीर्षक, माध्यम, आकार, किंमत आणि कलावंताचा पत्ता यांची नोंद असते. निवड समिती आलेल्या कामांपैकी प्रदर्शनात काय लागावे हे ठरवते. पारितोषिकांचे परीक्षक निवडलेल्यांपैकी कोणाला गौरवावे हे ठरवतात. आणि मांडणी करणारे लोक कोणते चित्र कोणत्या भिंतीवर, किती उंचीवर, कोणाच्या शेजारी लागेल हे ठरवतात. अनेक ठिकाणी ही तिन्ही कामे तीच माणसे एकाच दिवसात उरकतात आणि त्यामुळे या तीन वेगळ्या कृती आहेत हेच विसरले जाते. प्रवेश देताना कामाला किमान पात्रता आहे का एवढेच पाहायचे असते, तर बक्षीस देताना तुलना करायची असते. पहिल्याच फेरीत बक्षिसाच्या नजरेने पाहू लागलेली समिती पुष्कळशी चांगली चित्रे केवळ ती पहिल्या पाचांत बसणार नाहीत म्हणून बाहेर ठेवते. मांडणीचेही तसेच आहे. दाराच्या मागे, ट्यूबलाइटच्या झगमगाटात लागलेले चित्र निवडले गेले असूनही न दिसल्यासारखे राहते, आणि ज्याचे ते चित्र असते त्याला हे पहिल्या दिवशीच कळते.

या ग्रंथाचे मध्यवर्ती प्रतिपादन असे की, प्रादेशिक प्रदर्शनातील सर्वांत निर्णायक निवड परीक्षक खोलीत शिरण्यापूर्वीच होऊन गेलेली असते. ती प्रवेशिकेच्या नियमांत होते. कोणते विभाग ठेवले आहेत, चौकट सक्तीची आहे की नाही, अर्ज कोणत्या भाषेत आहे, शुल्क किती आहे, रहिवासाचा कोणता पुरावा मागितला आहे, काम स्वतः नेऊन द्यायचे की पार्सलने चालेल, या प्रश्नांची उत्तरे जो ठरवतो तो प्रदेशाची सीमारेषाच आखत असतो. परीक्षकांची अभिरुची, त्यांचे पूर्वग्रह, त्यांच्यातील मतभेद हे सारे महत्त्वाचे आहेच. परंतु ज्याने अर्जच भरला नाही त्याच्याविषयी कोणताही परीक्षक कधीच चूक किंवा बरोबर ठरत नाही.

हा मुद्दा तपासण्यासाठी पांढुर्णा-सौंसरइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात आणि पुढे 1861 मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात मोडणारा हा भाग, प्रांताची राजधानी नागपूर असल्यामुळे, दीर्घकाळ शिक्षण, व्यापार, न्यायालय आणि सोयरीक या सर्व बाबतींत नागपूरकडे तोंड करून होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा, त्यातील मराठीभाषक सौंसर-पांढुर्ण्यासह, भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रदेशात राहिला. 2023 मध्ये याच दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. घरात मराठी, कचेरीत हिंदी, संत्र्याचा बाजार आणि मोठा दवाखाना नागपूरला, सरकारी अर्ज भोपाळला, अशी ही रोजची रचना आहे. नागपूर शंभर किलोमीटरच्या आत आणि भोपाळ त्याच्या दुपटीहून दूर असले, तरी कलावंताच्या रहिवासाचा दाखला भोपाळच्या बाजूचा असतो. महाराष्ट्राच्या नावाने भरणारे प्रदर्शन त्याला आपला मानत नाही. मध्य प्रदेशच्या नावाने भरणारे प्रदर्शन त्याला आपला मानते, पण त्याचे शिक्षक, त्याचे दुकानदार, त्याने पाहिलेली चित्रे आणि त्याची भाषा पलीकडची असतात. प्रादेशिक प्रदर्शनातील ‘प्रदेश’ म्हणजे राज्य, की भाषा, की दिवसभरात जाऊन येता येईल एवढे अंतर, हा प्रश्न मुंबईत कोणाला पडत नाही; येथे तो प्रवेशिकेच्या पहिल्याच रकान्यात उभा राहतो.

निवडीच्या व्यवस्थेचा इतिहास पाहिला तर तिच्यावरील वादही तिच्याइतकेच जुने असल्याचे दिसते. पॅरिसमध्ये 1667 पासून राजाश्रयाने भरू लागलेल्या ‘सलोन’ या प्रदर्शनाला 1748 मध्ये परीक्षक मंडळ मिळाले आणि पुढील शतकात त्या मंडळाचा शब्द हा चित्रकाराच्या पोटापाण्याचा प्रश्न बनला, कारण सलोनमध्ये न लागलेले चित्र विकत घेण्यास ग्राहक धजत नसे. 1863 मध्ये आलेल्या सुमारे पाच हजार कामांपैकी निम्म्याहून अधिक नाकारली गेली, तेव्हा उठलेल्या गदारोळामुळे तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्या कलाकृतींचे वेगळे प्रदर्शन भरवण्याची आज्ञा दिली. एदुआर माने यांचे आज जगभर शिकवले जाणारे, हिरवळीवरील न्याहारीचे चित्र त्याच नाकारलेल्यांच्या प्रदर्शनात लोकांनी प्रथम पाहिले आणि बहुतेकांनी त्याची टवाळी केली. म्हणजे परीक्षक चुकले होते आणि प्रेक्षकही चुकले होते. ही दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. 1884 मध्ये ‘परीक्षक नाही, बक्षीस नाही’ या तत्त्वावर स्वतंत्र कलावंतांचे सलोन निघाले. त्याच तत्त्वावर न्यूयॉर्कमध्ये 1917 साली भरलेल्या प्रदर्शनात मार्सेल द्युशाँ यांनी टोपणनावाने पाठवलेले चिनी मातीचे मुतारीचे भांडे मांडण्यास आयोजकांनी नकार दिला आणि परीक्षक नसलेल्या प्रदर्शनातही निवड होतच असते हे एका झटक्यात सिद्ध झाले. लंडनच्या रॉयल अकॅडमीने याच्या उलट सातत्याचा मार्ग पत्करला : 1769 पासून दरवर्षी कोणालाही काम पाठवता येईल असे प्रदर्शन ती भरवत आली आहे आणि समितीपुढून एकेक चित्र नेऊन स्वीकार, नकार व शंकास्पद असे तीन गट करण्याची तिची रीत पुढे अनेक संस्थांनी कमी-अधिक फरकाने उचलली.

भारतात ही रीत ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हौशी मंडळ्यांमार्फत आली. 1888 मध्ये स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी हे तिचे पश्चिम भारतातील प्रमुख पीठ. आरंभी तिच्या कारभारावर युरोपीय मंडळींचा पगडा होता आणि भारतीय विद्यार्थ्याचे काम हे शिकवणुकीचा नमुना म्हणून पाहिले जाई. अशा वातावरणात 1895 मध्ये महादेव विश्वनाथ धुरंधर यांना मिळालेले सुवर्णपदक आणि पुढच्याच वर्षी गणपतराव म्हात्रे यांच्या ‘मंदिरपथगामिनी’ या शिल्पाने मिळवलेली वाहवा या घटनांचे मोल केवळ वैयक्तिक नव्हते. परीक्षकांनी ज्या अकादमिक निकषांवर, म्हणजे शरीररचनेचा अभ्यास, छायाप्रकाश, यथादर्शन आणि पोत यांवरील प्रभुत्वावर, त्यांना गौरवले, ते निकष पुढील दोन पिढ्यांसाठी या प्रांतातील चांगल्या चित्राची व्याख्याच होऊन बसले. त्या व्याख्येला धक्के बसले तेही प्रदर्शनांतूनच. 1935 मध्ये सिमल्याच्या फाइन आर्ट्स सोसायटीने अमृता शेरगिल यांच्या पाठवलेल्या चित्रांपैकी अर्धी नाकारली आणि स्वीकारलेल्यांपैकी एकाला पारितोषिक दिले. ते पारितोषिक त्यांनी परत केले. दोनच वर्षांनी, 1937 मध्ये, बॉम्बे आर्ट सोसायटीने त्यांच्या ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक दिले. एकाच चित्रकर्तीच्या एकाच कालखंडातील कामाविषयी दोन समित्यांचे मत इतके वेगळे असू शकते, ही गोष्ट नकाराचे पत्र हाती आलेल्या प्रत्येक नवोदिताला ठाऊक असायला हवी.

पांढुर्णा-सौंसरच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत जवळची कडी म्हणजे नागपूर. सय्यद हैदर रझा यांचा जन्म 1922 मध्ये मंडला जिल्ह्यातील बाबरिया या खेड्यात झाला. ते 1939 ते 1943 या काळात नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, मग मुंबईला गेले आणि 1948 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथे जन्मलेले हरी अंबादास गाडे यांनीही नागपुरात शिक्षण घेतले आणि जबलपुरात अध्यापन केले. 1947 मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा संस्थापकांपैकी हे दोघे. मुंबईचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गटाचा एक तृतीयांश भाग मध्य प्रांत-वऱ्हाडातून आला होता, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. त्यांच्या काळी नागपूर आणि मंडला, अमरावती आणि जबलपूर, सौंसर आणि काटोल ही एकाच प्रांतातील नावे होती. आज त्यांच्यामधून राज्याची सीमा जाते आणि रझा यांचा जन्म एका राज्याच्या, पहिले कलाशिक्षण दुसऱ्या राज्याच्या खात्यावर जमा केले जाते.

स्वातंत्र्यानंतर निवडीचा अधिकार हौशी संस्थांकडून मोठ्या प्रमाणात शासनाकडे आला. 1954 मध्ये ललित कला अकादमी स्थापन झाली आणि 1955 पासून राष्ट्रीय कला प्रदर्शन भरू लागले. महाराष्ट्रात कला संचालनालयाचे राज्य कला प्रदर्शन विद्यार्थी आणि कलावंत अशा वेगवेगळ्या विभागांत भरते. मध्य प्रदेशात राज्य रूपंकर कला प्रदर्शनीतून दिले जाणारे पुरस्कार त्या भूमीशी नाते असलेल्या कलावंतांच्या नावांचे आहेत. ही नावे मराठी वाचकाने जरा थांबून वाचावीत अशी आहेत. इंदूरच्या चित्रकलाशिक्षणाचा पाया घालणारे दत्तात्रेय दामोदर देवळालीकर, त्यांचे शिष्य नारायण श्रीधर बेंद्रे, धारला स्थायिक झालेले आणि मुंबईच्या चौपाटीवरील टिळकांचा पुतळा घडवणारे रघुनाथ कृष्ण फडके, काड्या-काटक्या आणि टाकाऊ वस्तूंतून रूपे शोधणारे विष्णू चिंचाळकर, मुकुंद सखाराम भांड : मध्य प्रदेशाने आपल्या दृश्यकलेच्या राज्य पुरस्कारांना मराठी घरांतील इतकी नावे द्यावीत, यात त्या राज्याचा मोकळेपणा आहे आणि माळव्यातील मराठी समाजाच्या कामाची पावतीही आहे. पण ही सर्व परंपरा इंदूर, देवास, धार अशा संस्थानी शहरांची आहे. संस्थानिक, कलाशाळा आणि ग्राहक अशी साखळी तेथे होती. सौंसर-पांढुर्ण्यातील मराठी समाज शेतकरी, विणकर, व्यापारी आणि शिक्षकांचा. त्याला माळव्याच्या कलापरंपरेचा वारस म्हणणे भाषेपुरते खरे असले तरी व्यवहारात फारसे उपयोगी नाही.

दोन्ही बाजूंना एका छताखाली आणणारी एक शासकीय रचना अस्तित्वात आहे, ती म्हणजे नागपूर येथे मुख्यालय असलेले दक्षिण-मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र. 1980 च्या दशकाच्या मध्यावर देशभर स्थापन झालेल्या अशा केंद्रांमागील कल्पना राज्यांच्या सीमांपलीकडील सांस्कृतिक आप्तता ओळखण्याची होती आणि या केंद्राच्या क्षेत्रात महाराष्ट्र व मध्य प्रदेश दोन्ही येतात. पांढुर्ण्याच्या चित्रकाराला नागपूर ‘परराज्य’ न ठरता ‘आपले क्षेत्र’ ठरते, असे शासकीय कागदावरचे हे एक महत्त्वाचे ठिकाण आहे. या शक्यतेकडे सीमाभागातील कलाशिक्षकांनी आणि संस्थांनी अधिक गांभीर्याने पाहावे, असे या ग्रंथाच्या लेखकांचे आग्रही मत आहे.

निवडीविषयीच्या विचारांचे आज ढोबळमानाने चार प्रवाह दिसतात. पहिला अकादमिक प्रवाह कौशल्याला प्राधान्य देतो आणि त्याचे बळ असे की त्याचे निकष सांगता येतात, शिकवता येतात आणि नाकारलेल्याला कारण देता येते. दुसरा आधुनिकतावादी प्रवाह स्वतंत्र दृष्टी शोधतो. तो धाडसी असतो, पण ‘स्वतंत्र’ म्हणजे काय हे ठरवताना महानगरांत त्या दशकात जे चालले आहे त्याच्याशीच बहुधा तुलना करतो. तिसरा प्रवाह क्युरेटरचा, म्हणजे एका व्यक्तीने एक सूत्र ठरवून त्यानुसार कामे जमवण्याचा. यात प्रदर्शन सलग आणि विचारपूर्ण होते, मात्र सूत्रात न बसणारे उत्तम काम बाहेर राहते आणि त्याविषयी कोणी तक्रारही करू शकत नाही. चौथा प्रवाह प्रवेशिकांची वाट न पाहता निवड करणाऱ्यांनी स्वतः गावोगावी जावे असे मानतो.

या चौथ्या प्रवाहाचे उत्तुंग उदाहरण मध्य प्रदेशातच घडले, म्हणून त्याकडे तपशिलाने पाहणे योग्य ठरेल. 13 फेब्रुवारी 1982 रोजी भोपाळमध्ये भारत भवनाचे उद्घाटन झाले, त्याआधी त्यातील ‘रूपंकर’ या कलासंग्रहालयाची जबाबदारी घेतलेले चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी कलाविद्यार्थ्यांच्या तुकड्या राज्याच्या आदिवासी आणि ग्रामीण भागांत पाठवल्या. त्यांपैकी एका तुकडीला पाटनगढ या गोंड-परधान वस्तीत एका घराच्या भिंतीवरील चित्राने थांबवले; ते काढणारा तरुण म्हणजे जनगढसिंह श्याम. त्यांना भोपाळला आणले गेले, कागद, रंग आणि छापचित्रांचे यंत्र हाती दिले गेले, 1986 मध्ये राज्याचा शिखर सन्मान मिळाला आणि 1989 मध्ये पॅरिसच्या एका गाजलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांचे काम लागले. आज गोंड चित्रकला म्हणून जगभर ओळखली जाणारी शैली मोठ्या प्रमाणात त्यांच्या आणि त्यांच्या आप्तांच्या हातून आकाराला आली. जनगढ यांनी कोणत्याही प्रदर्शनाची प्रवेशिका भरलेली नव्हती. ती त्यांच्यापर्यंत पोहोचणेही शक्य नव्हते. महाराष्ट्रात 1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर गेले आणि जिव्या सोमा म्हसे यांचे काम पुढे आले, ती घटनाही याच जातीची. या मार्गाचे धोकेही आहेत, आणि ते लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल : शोधणारा शहरी असतो, शोधला जाणारा गावचा असतो, आणि काय ‘अस्सल’ आहे हे पुन्हा शहरच ठरवते. 2001 मध्ये जपानमधील एका संग्रहालयात काम करत असताना जनगढ यांचा झालेला दुःखद अंत या व्यवस्थेतील विषमतेचे स्मरण कायमचे देत राहील.

सौंसर-पांढुर्ण्यात निवड करणारे असे गावोगाव फिरले तर त्यांना काय दिसेल, हा प्रश्न काल्पनिक नाही. सौंसर-लोधीखेड्याच्या बाजूला हातमागावर विणल्या गेलेल्या सुती साड्या आहेत. तान्ह्या पोळ्यासाठी सुताराने घडवलेले चाकांचे लाकडी बैल आहेत, ज्यांच्या वशिंडाचा उठाव आणि मानेचा बाक प्रत्येक कारागिराचा वेगळा असतो. पोळ्याला बैलांच्या अंगावर उमटणारे रंगांचे ठसे आहेत. प्रचलित प्रवेशिकेत चित्र, शिल्प, मुद्राचित्र, रेखाचित्र आणि छायाचित्र असे रकाने असतात. लाकडी बैल शिल्पाच्या रकान्यात घातला तर परीक्षक त्याला हस्तकला म्हणून बाजूला ठेवतात आणि हस्तकलेच्या प्रदर्शनात त्याची गणती वस्तूंच्या दरानुसार होते. तो बैल घडवणाऱ्याला स्वतःला शिल्पकार म्हणवून घ्यायचे आहे की नाही, हे कोणी विचारलेलेच नसते.

परीक्षकाला प्रदेश ठाऊक असण्याने काय फरक पडतो, हे एका विषयावरून नेमके दाखवता येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावला जातो आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरील लोकांमध्ये गोटमार होते. अखेर तो झेंडा चंडीमातेच्या मंदिरात नेला जातो. या दिवसाचे चित्र समितीपुढे आले, तर बाहेरच्या परीक्षकाला एक झाड, पाणी, उगारलेले हात आणि विखुरलेले दगड दिसतील. तो रचना आणि रंग पाहून मत देईल, किंवा हिंसेच्या दृश्याने अस्वस्थ होईल. स्थानिक परीक्षकाला झाडाचा कल कोणत्या काठाकडे दाखवला आहे, गर्दीत घाबरलेले चेहरे आहेत की नाहीत, दरवर्षी जखमी होणाऱ्यांची वेदना चित्रकाराने टाळली आहे की तिला भिडला आहे, हे दिसेल. दुसरे पाहणे अधिक संपन्न आहे यात शंका नाही. परंतु ओळखीच्या विषयामुळे सामान्य चित्रही जवळचे वाटू लागते, हा धोका त्याच पाहण्यात दडलेला असतो, आणि पहिल्या परीक्षकाचा अलिप्तपणा त्यावरचा उतारा असतो. म्हणून समितीत दोन्ही प्रकारचे डोळे असावेत आणि त्यांनी एकमेकांशी बोलावे, गुण लिहून कागद पुढे सरकवू नयेत, असे या ग्रंथात सुचवले आहे.

गुणपद्धतीविषयी येथे थोडे सविस्तर सांगणे गरजेचे आहे, कारण ती निःपक्षपाती असल्याचा समज फार खोल आहे. पाच परीक्षकांनी दहापैकी गुण द्यायचे आणि बेरीज करायची, ही सर्वांत प्रचलित रीत. एका चित्राला सहा, सहा, सात, सहा, सहा असे मिळून 31 गुण मिळतात. दुसऱ्याला नऊ, नऊ, तीन, तीन, चार असे मिळून 28. पहिले आत जाते, दुसरे बाहेर राहते. पहिल्या चित्रावर कोणाचाही जीव जडलेला नसतो आणि दुसऱ्यावर दोन जाणत्या परीक्षकांचा जडलेला असतो. बेरजेच्या पद्धतीत कोणालाही न खुपणारे काम तरते आणि वाद निर्माण करणारे काम बुडते, हे गणितातच अंतर्भूत आहे. त्यासाठी कोणाच्या हेतूंवर शंका घेण्याची गरज नाही. प्रत्येक परीक्षकाला इतरांच्या मताविरुद्ध एखादे-दुसरे काम आत घेण्याचा अधिकार देणे हा त्यावरील साधा उपाय असून, तो वापरला तर प्रदर्शनाचा पोत बदलतो.

निनावीपणाचेही असेच. चित्राच्या मागे क्रमांक टाकून नाव झाकले जाते आणि ते मोठ्या प्रदर्शनात पुरेसेही ठरते. लहान प्रदेशात क्रमांक नाव झाकतो, हात झाकत नाही : कोणत्या शिक्षकाचा विद्यार्थी जलरंगाचा पहिला हात कसा मारतो, कोण आकाश नेहमी खालून वर रंगवतो, हे तेथील जाणकारांना पाहताक्षणी कळते. अशा ठिकाणी नात्याची उघड नोंद करून त्या कामापुरते बाजूला बसणे हाच प्रामाणिक मार्ग उरतो.

या विषयाला आज तातडी आली आहे ती दोन कारणांनी. नवा जिल्हा म्हणजे नवे जिल्हास्तरीय कार्यक्रम, नवी सभागृहे आणि आज ना उद्या जिल्ह्याचे म्हणून भरणारे प्रदर्शन. त्याचे नियम एकदा ठरले की पुढे वर्षानुवर्षे तेच उतरवून घेतले जातात, त्यामुळे ते ठरण्यापूर्वीच त्यांवर विचार होणे इष्ट. दुसरे कारण म्हणजे छायाचित्रांवरून होणारी पहिली फेरी. प्रवासखर्च वाचवणारी ही सोय दूरच्या कलावंताला निश्चितच उपकारक आहे. काचेची चौकट बसमध्ये सांभाळत नागपूर गाठायचे आणि नकार मिळाल्यावर तशीच परत आणायची, या हालअपेष्टा तिने कमी केल्या. पण पडद्यावर हातभर चित्र आणि भिंतभर चित्र सारखेच दिसते, जलरंगातील कागदाचा कण आणि तैलरंगातील थर नाहीसे होतात, भडक रंग उजळतात आणि करड्या छटांचे संयत काम मलूल दिसते. फोनवर, खोलीतील पिवळ्या दिव्याखाली टिपलेल्या चित्राची स्पर्धा व्यावसायिक छायाचित्रकाराने टिपलेल्या चित्राशी होते, आणि तेथे निवड चित्राची होते की छायाचित्राची हे सांगणे कठीण होते. पहिल्या फेरीत शंकास्पद गट मोठा ठेवून तो प्रत्यक्ष पाहणे, आणि तहसिलीच्या ठिकाणी दिवसाच्या प्रकाशात सर्वांची छायाचित्रे एकाच पद्धतीने टिपण्याची व्यवस्था करणे, हे दोन्ही उपाय फारसे खर्चिक नाहीत.

प्रस्तुत ग्रंथ परीक्षकांसाठीची नियमपुस्तिका नाही आणि नाकारल्या गेलेल्यांचे गाऱ्हाणेही नाही. त्यातील लेख निवडीचा इतिहास, तिची कार्यपद्धती, तिच्यातील भाषिक व आर्थिक अडसर आणि सीमाप्रदेशातील तिचे विशेष रूप यांची परस्परांशी सांगड घालतात. काही ठिकाणी लेखकांची मते एकमेकांना छेद देतात आणि संपादनात ती तशीच ठेवली आहेत. विशेषतः कारागिरांच्या कामाला प्रदर्शनात वेगळा विभाग असावा की त्याच विभागात स्थान असावे, याविषयी लेखकांत एकमत नाही. वेगळा विभाग सुरक्षित जागा देतो आणि त्याचबरोबर कुंपणही घालतो, एवढे दोन्ही पक्षांना मान्य आहे. संगीत, नाटक आणि साहित्य यांच्या स्पर्धांतील परीक्षणाचा विचार ग्रंथाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे, तसेच विक्री आणि लिलाव यांचे अर्थकारणही.

ग्रंथाच्या शेवटी जोडलेला प्रवेशिकेचा नमुना मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत असून, त्यात जन्मस्थान व रहिवासाच्या दाखल्याऐवजी ‘गेली काही वर्षे काम कोठे करता’ हा प्रश्न आहे, माध्यमाचा रकाना मोकळा सोडलेला आहे, चौकटीची अट नाही, आणि नकाराच्या पत्रात निदान दोन वाक्यांचे कारण देण्याची जबाबदारी समितीवर टाकलेली आहे. जो कोणी पांढुर्ण्यात, सौंसरात किंवा सीमेपलीकडे काटोल-नरखेडात प्रदर्शन भरवू इच्छितो, त्याने तो उतरवून घ्यावा, गरजेप्रमाणे बदलावा आणि वापरून पाहावा.